किती सालची?

आंबा घाट उतरून खाली आलं की साखरपा लागतं. गेल्या नोव्हेंबरात कोल्हापूरहून रत्नागिरीला जाताना तिथे चहाला थांबलो होतो. गाडी रस्त्याकडेला स्टँडवर लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि बाकावर बसून इंजिनाची टिकटिक ऐकत राहिलो. घाटात तापलेलं लोखंड निवताना असा बारीक आवाज करतं, लांब कुठेतरी कुणी वाटीवर चमचा वाजवत असल्यासारखा. शेजारच्या बाकावर एक आजोबा बशीतून चहा पीत होते. बशी खाली ठेवून ते उठले, गाडीपाशी गेले आणि टाकीवर हात ठेवला. बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा, पूर्ण तळवा टेकवून. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "किती सालची?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरची असेल, नाही?"

"हो," मी म्हणालो.

माझी गाडी २०१३ ची आहे. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड, साडेतीनशे सीसीची. आजोबांनी मान हलवली, "चांगली ठेवलीय" म्हणाले, आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवून उभे राहिले. मी चहाचे पैसे दिले, किल्ली फिरवली आणि निघालो. पालीपर्यंतही गेलो नसेन, तो एकाक्षरी शब्द हेल्मेटमध्ये घुमायला लागला. खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. गाडी विकायची नव्हती, कुणावर छाप पाडायची नव्हती. "२०१३ ची आहे, जुन्यासारखी करून घेतलीय" एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण त्या क्षणी मला ती गाडी अठ्ठ्याहत्तरचीच असायला हवी होती. ते वाटणं इतकं खरं होतं की शब्द आपोआप बाहेर पडला.

आमच्याकडे याच कंपनीची बुलेट होती. अण्णा गुरांचे डॉक्टर, पाटण तालुक्यात नोकरी. मिलिटरीच्या लिलावातून निघालेली, बरीच वापरून थकलेली गाडी त्यांनी १९८३ साली घेतली आणि काळी रंगवून घेतली. तरी जिथे खरवडलं जाई तिथे आतला हिरवा रंग डोकवायचा. गुडघ्यापाशी टाकीवर, किकजवळ, मागच्या मडगार्डच्या कडेला. मी त्या हिरव्या चट्ट्यांवर नख फिरवत बसायचो. मागे कॅरिअरवर पत्र्याची पेटी. तिच्यात सुया, दोऱ्या, सलाइन, रबरी हातमोजे. गाडीला एक वास होता: पेट्रोल, गरम ऑइल, फिनेल आणि शेण यांचा मिळून झालेला. तो मला आजही कुठे आला तर मी थांबतो. अंगणातल्या शहाबादी फरशीवर गाडी जिथे उभी राहायची तिथे ऑइलचा एक काळा डाग पडला होता. गाडी जाऊन तीस वर्षं झाली, फरशी अजून आहे, डागही आहे.

सगळ्यात जास्त आठवते ती रात्र. म्हणजे एक रात्र नाही, अशा कितीतरी. कुणीतरी कंदील घेऊन दारात यायचं, "डॉक्टर, म्हैस अडलीय." अण्णा अंगात स्वेटर घालत बाहेर पडायचे. मग तो सगळा विधी. किल्ली फिरवायची, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अँपिअर मीटरकडे बघत किक हळूहळू दाबायची, काटा मधोमध आला की डाव्या मुठीजवळची छोटी खिटी ओढायची, किक जरा पुढे न्यायची, खिटी सोडायची आणि मग अंगाचा सगळा भार टाकायचा. यातलं एक जरी चुकलं तर किक उलटी यायची आणि नडगीवर बसायची. अण्णांच्या उजव्या नडगीवर तिची खूण आहे. गाडी लागली की घराच्या भिंतीला टेकलेली माझी पाठ थरथरायची. मी गोधडीत पडून तो आवाज ऐकत राहायचो. ओढ्यापर्यंत, चढावर, मग वळणामागे. खोऱ्यात आवाज एकदम संपत नाही. तो जातो, परत येतो, पुन्हा जातो. मला तो आवाज म्हणजे वडील वाटायचा.

१९९४ मध्ये त्यांनी बुलेट विकली आणि हिरो होंडा घेतली. मी दहावीत होतो. रडलो होतो. अण्णा मात्र इतके खूश होते की पहिल्याच आठवड्यात दोनदा धुतली नवी गाडी.

थंडरबर्ड मी लांबच्या प्रवासासाठीच घेतली होती आणि त्या कामाला ती फार चांगली. २० लिटरची टाकी, मागे ओढलेलं हँडल, पाय पुढे ठेवून बसायची ऐसपैस बैठक, मागच्याला पाठ टेकायला उशी. पुण्याहून हंपी, पुण्याहून चोर्ल्यावरून गोवा, सगळा कोकण किनारा दोनदा. एकदा टाकी भरली की पुण्यातून गोव्यापर्यंत पंपाकडे बघायचं नाही. कंपनीनं या नावाची गाडी पहिल्यांदा २००२ मध्ये आणली ती लांब जाणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच, आणि २०१२ मध्ये ती बदलली तेव्हा मोठी टाकी, प्रोजेक्टरचा दिवा, मागे एलईडी आणि मागच्या चाकालाही डिस्क दिली. मी त्यातलीच घेतली. सहा-सात वर्षं काही तक्रार नव्हती. पण एका पावसाळ्यात ताम्हिणीत टपरीपाशी थांबलो असताना शेजारी कुणीतरी जुनी स्टँडर्ड बुलेट आणून लावली, आणि दोन्ही गाड्या एका रांगेत उभ्या असलेल्या बघताना माझ्या गाडीकडे माझं लक्षच जाईना. माझी गाडी प्रवासाची होती. ती शेजारची आठवणीची होती. माझ्या डोक्यात त्या दिवशी किडा शिरला.

नाना पेठेत माझा नेहमीचा मेकॅनिक आहे. त्यानं आधी दोन अटी घातल्या. चॅसिसला वेल्डिंग लावायचं नाही, आणि सायलेन्सर कंपनीचाच राहणार. "आवाजासाठी आला असशील तर दुसरीकडे जा," तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानं मोटर वाहन कायद्यातल्या कलम ५२ वर निकाल दिल्यापासून गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल ती ढवळाढवळ करायला वाव उरलेला नाही, आणि मलाही कुणाच्या झोपेवरून फटफट करत जायची हौस नव्हती. रंगाचा प्रश्नच आला नाही. आरसीवर काळा होता, काळाच ठेवायचा होता. एकदा हे ठरल्यावर तो खुलला. याच कंपनीच्या क्लासिक मॉडेलची १३.५ लिटरची टाकी, पायलट लाइटचे दोन बारके डोळे असलेलं हेडलाइटचं डोकं, स्प्रिंगची एकटी सीट, खोल मडगार्ड, दोन्ही बाजूंना गोलसर टूलबॉक्स. दोन मीटरांची जोडी जाऊन एकच गोल मीटर. कागदावर यादी छोटी होती. प्रत्यक्षात चार महिने गेले, कारण टाकी काही केल्या सरळ बसेना. खालच्या पट्ट्या वेगळ्या, मागचा बोल्ट पाऊण इंच सरकलेला. तो रोज थोडा रबर कापायचा, थोडा वॉशर घालायचा, दहा पावलं मागे जाऊन एक डोळा मिटून बघायचा आणि परत खोलायचा. टाकीची रेघ सीटच्या रेघेला मिळाली नाही तर गाडी कुबड्यासारखी दिसते, असं त्याचं म्हणणं. मला आधी ते दिसायचं नाही. चार महिन्यांनी दुसरं काही दिसेना.

त्या दिवसांत मी दर रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात जायचो. प्लास्टिकच्या ताडपत्रीवर पसरलेले स्पॅनर, घड्याळांची आतडी, पितळी नळ, आणि मध्येच एखादा बुलेटचा तुकडा. तिथेच मला अँपिअर मीटर मिळालं. काचेखाली पिवळटलेली तबकडी, मध्ये उभा बारीक काटा. हातात घेतलं आणि मला अण्णांची मान दिसली, रात्री टॉर्चच्या उजेडात त्यावर वाकलेली. मेकॅनिक म्हणाला, या गाडीची वायरिंग वेगळी, जोडण्यात अर्थ नाही, नुसतं बसवतो. नुसतं बसवलं. काटा मधोमध उभा आहे. हलत नाही.

बायकोनं गाडी बघितली ती तयार झाल्यावर. सगळीकडून फिरून आली, म्हणाली, "सुंदर झालीय. मी कुठे बसायचं?" हंपीला ती माझ्या मागे बसून आली होती. चार महिने मी टाकीची रेघ बघत होतो आणि मागची सीट काढल्यावर कुणाची जागा गेली हे माझ्या मनात आलं नव्हतं. दुसऱ्याच आठवड्यात मागे गादी बसवून घेतली, पण ते आधी सुचायला हवं होतं.

सोनेरी रेषा काढायच्या तेव्हा मात्र मी सुट्टी घेऊन दिवसभर बसलो होतो. कंपनीच्या चेन्नईतल्या तिरुवोत्तियूरच्या कारखान्यात टाकीवरच्या या रेषा कित्येक वर्षं हातानंच काढल्या जात, एकाच घरातल्या माणसांच्या हातून. मलाही स्टिकर नको होता. हे पेंटर सत्तरीच्या पुढचे, पूर्वी ट्रकच्या फळ्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ब्रश खारीच्या केसांचा, केस बोटभर लांब, टोकाला जवळजवळ एकच. रंग त्यांनी काचेच्या तुकड्यावर घोळवला, त्याच काचेवर चार रेषा ओढून बघितल्या, थिनरचा एक थेंब टाकला, परत ओढल्या. मग टाकीच्या कडेवर करंगळी टेकवली. हात हलला नाही. हलले ते गुडघे. सगळं शरीर गुडघ्यांतून हळूहळू मागे सरत गेलं आणि काळ्या रंगावर सोन्याची ओली रेघ उमटत गेली, वळणापाशी चिमटीत ब्रश अलगद फिरला आणि रेघ तशीच पुढे निघाली. तेवढा वेळ त्यांनी श्वास घेतला नाही. मीही नाही. रेघ संपली, ते मागे झाले, बघितलं, आणि रॉकेलच्या फडक्यानं सगळी पुसून टाकली.

मी म्हणालो, "अहो, चांगली होती की! जराशी कमीजास्त असेल, हाताची आहे हे कळायला हवंच ना."

त्यांना ते आवडलं नाही. "हाताची आहे हे कळलं तर माझं काय राहिलं?" म्हणाले. "मशीननं काढल्यासारखी यायला पाहिजे. आमच्या वस्तादांनी हेच शिकवलं." तीन वेळा पुसून चौथ्यांदा ठेवली. तिच्या आत मग दुसरी, केसाएवढी.

त्यांचं बोलणं तेव्हा मी नुसतं ऐकून घेतलं. साखरप्यानंतर ते पुन्हा वर आलं. जुन्या काळाबद्दल मी जे धरून बसलो होतो ते त्या काळातल्या माणसांना तसं नकोच होतं की काय? इंग्लंडातल्या रेडिचहून आलेली बुलेट १९५५ पासून मद्रासला जुळू लागली आणि पुढची कित्येक दशकं तिचा चेहरा फारसा बदलला नाही. तिकडे इंग्लंडात कारखाना बंद पडला, इकडे तीच टाकी, तेच डोकं निघत राहिलं. मग २००९ मध्ये कंपनीनं क्लासिक आणली तेव्हा पुन्हा मागे, युद्धानंतरच्या गाड्यांकडेच बघितलं. म्हणजे माझ्या गाडीवर बसलेली टाकी मुळात आठवणीवरून घडलेली. हे मला आधीपासून माहीत होतं. त्यानं माझं प्रेम कमी झालं नाही. पण अण्णा १९८३ साली त्या लिलावाच्या मैदानात उभे होते तेव्हा त्यांच्या डोक्यात क्लासिक वगैरे काही नसणार. चिखलातून जाईल, पेटी नेईल, परवडेल. झालं.

डिसेंबरात गावी गेलो. अण्णांनी ही गाडी तोवर फोटोतच बघितली होती. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, काठी आहे, पण अंगणात एकटे उतरतात. मी गाडी मुद्दाम त्याच फरशीवर, त्याच डागावर लावली. ते आले आणि सगळ्यात आधी वाकून इंजिनाखाली बघितलं. "गळत नाही," म्हणाले. समाधानानं. मग रेषा बघितल्या, "छान काढल्यात." मग पायाशी बघितलं. मग काठीच्या टोकानं अँपिअर मीटर दाखवलं.

"हा काटा हलतो का रे?"

"नाही अण्णा. नुसता बसवलाय."

"आणि पेट्रोलचा काटा?"

"तो काढला."

"होता?"

"होता. जुन्या गाडीला नव्हता ना, म्हणून..."

"आमच्या वेळी नव्हता म्हणून नव्हता," ते म्हणाले. "असता तर बरं झालं असतं." ओसरीच्या पायरीवर बसले. आईनं चहा आणला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग अण्णांनी जे सांगितलं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. ढेबेवाडीच्या वरच्या अंगाला एका वाडीतून बोलावणं आलं होतं. पावसाचे दिवस, रात्री एकचा सुमार. गडबडीत निघाले. पेट्रोल रिझर्व्हवर कधी लागलं होतं ते लक्षातच नव्हतं. कॉक आधीच फिरलेला. चढाला गाडी थांबली. पेटी खांद्यावर घेऊन ते चालत निघाले, दीड तास. पोचले तेव्हा म्हैस गेली होती, पोटातल्या रेडकासकट. "त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही," अण्णा म्हणाले. "गूळ घालून चहा दिला. दुभती एकच होती त्यांची." चहाचा कप त्यांनी पायरीवर ठेवला. "त्यानंतर मी गाडीला हात लावला की आधी हलवून बघायचो. हिरो होंडाला काटा होता. फार बरं वाटलं होतं मला."

मी त्या रात्रीही गोधडीत असेन. आवाज ओढ्यापर्यंत, चढावर, वळणामागे जाताना ऐकला असेन, आणि झोपलो असेन.

रात्री जेवताना मी त्यांना साखरप्याचं सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता विचारलं, "त्यांनी चालवलेली होती का बुलेट?" मला माहीत नव्हतं. पण ज्या तऱ्हेनं हात ठेवला होता त्यावरून चालवली असणार असं मी म्हणालो. "मग त्यांना कळलं असेल," अण्णा म्हणाले. "अठ्ठ्याहत्तरच्या गाडीचा गिअर उजवीकडे असतो, ब्रेक डावीकडे. तुझ्या गाडीला मागे डिस्क आहे एवढी मोठी. जन्मभर चालवलेल्या माणसाला न दिसायला काय झालं?"

"मग विचारलं कशाला?"

"बोलायचं असेल त्यांना," अण्णा म्हणाले. "त्यांची अठ्ठ्याहत्तरची असेल. तू हो म्हणालास आणि उठलास."

मला ताट पुढे दिसेना. त्या आजोबांचा टाकीवर टेकलेला तळवा दिसत होता. "चांगली ठेवलीय" म्हणून झाल्यावरही त्यांनी तो उचलला नव्हता. मी "नाही हो, नवीनच आहे, तुमच्याकडे होती का?" एवढं म्हणालो असतो तर ते बाकावर परत बसले असते. कुठून घेतली, कोण कोण बसलं तिच्यावर, कुठल्या ओढ्यात बंद पडली, कधी विकली, विकताना काय वाटलं. मला जे ऐकायचं म्हणून मी चार महिने पत्रे आणि पट्ट्या जुळवत बसलो होतो ते सगळं त्या बाकावर बशीतला चहा संपवत बसलेलं होतं. मला रत्नागिरीला पोचायचीसुद्धा घाई नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. धुकं होतं, टाकीवर दव पडलं होतं, सोनेरी रेषा त्याखाली दिसत नव्हत्या. आईनं चटणीची पुडी दिली, ती टूलबॉक्समध्ये ठेवली. मी हेल्मेट घालत होतो तेवढ्यात अण्णा काठी भिंतीला टेकवून गाडीपाशी आले. डाव्या हातानं हँडल धरलं, उजवा हात सीटवर, आणि गाडी दोनदा आडवी हलवली. इतक्या सवयीनं, की त्यांचं वय त्या दोन झोक्यांत कुठे गेलं कळलं नाही. मान तिरकी करून ऐकलं. टाकीच्या आत पेट्रोल एकदा या बाजूला आपटलं, एकदा त्या.

"चार लिटर असेल," म्हणाले. "कराडपर्यंत थांबू नको. पाटणलाच भर."

पाटणच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली. मीटरवर आकडा थांबला तेव्हा साडेनऊ लिटर झालं होतं.